ज्या विहिरीचं त्या विहिरीला

अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर साबण तसाच होता, आणि न्हावी म्हणाला, "सायेब, तुमच्या त्या हिरीवाल्या अक्का गेल्या म्हणं की!" आमच्या कोल्हापुरात वाईट बातमी हळू आवाजात सांगायची रीत नाही. रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालाही ऐकू जाईल अशा बेतानं ती सांगतात. "कोण अक्का?" मी विचारलं. खरं म्हणजे मला कळलं होतं, पण विचारण्यात जो क्षणभराचा वेळ जातो तेवढा वेळ माणूस अजून जिवंत असतं... "मगदुमांच्या की ओ. मंगळवार पेठेतल्या. कापडवाल्या आण्णांच्या भैन. काल दुपारी जेवल्या, जरा पडल्या, त्या उठल्याच न्हाईत. मान हलवू नका." मी मान हलवली नाही. त्यानं उरलेली दाढी केली, गालावर तुरटी फिरवली, आणि मी पैसे न देताच बाहेर पडलो. त्यानंही हाक मारली नाही.

या गोष्टीला आता दीडेक महिना झाला. पद्मावती मगदूम हे त्यांचं कागदावरचं नाव. भावंडांत थोरल्या, म्हणून घरात अक्का, आणि घराचं पाहून साऱ्या पेठेत अक्का. आम्ही विहिरी मोजण्याच्या प्रकल्पातली माणसं त्यांना पद्माक्का म्हणत असू. संख्याशास्त्र शिकवायच्या. फिकट रंगाचं सुती पातळ, मनगटावर वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ आणि चालताना मान किंचित एका अंगाला, काहीतरी ऐकत असल्यासारखी. सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, पाणी गाळून प्यायच्या आणि मनात असेल ते तोंडावर बोलायच्या. लग्न का केलं नाही, हे त्यांना विचारायची छाती पेठेत कुणाचीच झाली नाही. त्या गेल्यावर दैनिकाच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्यात 'सेवानिवृत्त प्राध्यापिका' असं लिहिलं होतं. विहिरींचा उल्लेखही नव्हता. मला राग आला. मला राग लवकर येतो, हे त्यांनीच मला सर्वांत आधी सांगितलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ ओसरला, आणि मग जसं आपल्याकडे होतं तसं, तहान भागल्यावर विहिरींचा अभ्यास सुरू झाला. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या कोरड्या गावांतली एकेक विहीर शोधायची, तिची खोली, तिचा खडक, वैशाखात तिच्यात पाणी किती आणि दिवाळीत किती, हे सारं मोजायचं. पुढं ही माहिती भोकांच्या कार्डांवर चढवून मुंबईच्या एका संस्थेतल्या मोठ्या संगणकाला द्यायची. आज बँकेत टेबलावर संगणक दिसायला लागलाय. तेव्हा तो एक अख्खी थंडगार खोली व्यापून बसायचा आणि त्याच्या दर्शनासाठी महिनोन् महिने नंबर लावावा लागायचा. मी नुकताच भूगर्भशास्त्र घेऊन पास झालो होतो. नवे बूट घेतले होते, हाता-हातावर गाठी मारलेला दोर तयार होता, आणि कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं. तर ही बाई म्हणाली, महिनाभर कुणीही विहिरीवर जायचं नाही.

आमचं ऑफिस रंकाळ्याच्या बाजूला, भाड्याच्या दोन कौलारू खोल्यांत होतं. तिथल्या एकुलत्या एक मोठ्या टेबलाशी त्यांनी मला समोर बसवलं. "सदा, तू विहीर मोजलीस. आकडा कुठं लिहिलास?"

"वहीत."

"वही कुठं हाय?"

"माझ्याकडे."

"आणि तू कुठं हाईस?"

"मी? मी इथंच आहे की अक्का."

"उद्या गाडीखाली आलास म्हंजे?"

माझं वय तेव्हा चोविशीच्या आतलं. माझा संताप असा झाला की मी उठून बाहेर गेलो आणि रंकाळ्यापर्यंत चालत जाऊन परत आलो. परत आलो तेव्हा त्या त्याच जागी बसल्या होत्या, पुढचा प्रश्न घेऊन. प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणत असू, पुण्याचे होते, सज्जन होते, आणि त्यांना अहवालाची घाई होती. ते म्हणायचे, "मगदूमबाई, आधी माहिती येऊ तर द्या, मग ठेवू कुठेतरी." त्यावर पद्माक्का म्हणायच्या, "पाहुणा दारात आल्यावर जागा शोधायची नसती साहेब. अंथरूण आधी घालायचं."

त्या महिन्यात त्यांनी एक आराखडा केला. पॅकिंगच्या तपकिरी कागदाचे ताव जोडून भिंतभर एक कागद केला आणि निळ्या शाईनं त्यावर रेघा ओढल्या. वर डाव्या कोपऱ्यात एक लहानसं वर्तुळ, ती विहीर. तिथून आकडा निघणार, टिपणाच्या कागदावर येणार, तिथून कार्डावर, कार्डाच्या दोन प्रती, एक इकडे, एक तिकडे, मग मुंबई, मग परत. कुठल्या वळणावर कोण बसलेलं असेल, तो आजारी पडला तर कोण बसेल, वाळवी लागली तर काय, उंदीर आले तर काय, साहेबांची बदली झाली तर किल्ली कुणाकडे, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. येणारा-जाणारा त्या कागदाकडे बघून विचारायचा, ही पंचगंगा का? कारण खरोखरच तो नदीच्या नकाशासारखा दिसायचा. दुपारी कौलांच्या फटीतून ऊन त्यावर पडलं की निळ्या रेघा हलल्यासारख्या वाटत. मला डुलकी यायची आणि त्या डुलकीत आकडे होड्यांसारखे त्या रेघांवरून चाललेले दिसायचे... मी हे एकदा अक्कांना सांगितलं. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "मलाही दिसत्यात. पण माझ्या कुठं अडत न्हाईत. तुझ्या अडत्यात का बघ."

मग आम्ही निघालो. नेसरीच्या वाटेवरची ती गावं, तो उन्हाळा, अजून माझ्या स्वप्नात येतो. एस.टी. बिद्रीवरून जायची, मग पुढं कुठंतरी उतरायचं आणि पायवाटेला लागायचं. विहिरींना नावं असतात हे मला पुस्तकांनी सांगितलं नव्हतं. थोरली, सवतीची, चिंचेची, मुक्याची. एकाच गावात तीन पाटलाच्या विहिरी, आणि तिन्ही पाटील एकमेकांशी न बोलणारे. अक्कांनी प्रत्येक विहिरीला क्रमांक दिला, पण नावही ठेवलं. नाव कार्डावर बसत नाही म्हणून सोडायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. मी दोर सोडायचो, गावातली एखादी बाई त्याचं टोक धरायची आणि अक्का काठावर मान एका अंगाला करून उभ्या राहायच्या. दोराच्या टोकाचं वजन पाण्याला लागलं की खालून एक आवाज येतो, झोपेतल्या माणसानं हुंकार दिल्यासारखा. त्यांना तो माझ्या आधी ऐकू यायचा. आत वाकून पाहिलं की काळोख, मग गारवा, मग खूप खाली आकाशाचा एक छोटा तुकडा आणि त्यात आमची दोन डोकी. पारव्यांचा थवा पंख फडफडवत वर यायचा, गरगर फिरून पुन्हा आत उतरायचा. मला वाटायचं, आपण मोजायला आलोय हे विहिरीला कळलंय.

त्याच वाटेवर एक प्रसंग झाला. एका विहिरीवर आम्ही पाणी काढलं, अक्कांनी ते दुहेरी फडक्यातून गाळलं आणि फिरकीच्या तांब्यात भरून घेतलं. गडबडीत एक गोष्ट राहिली. फडक्यात जे उरतं, डोळ्यांना न दिसणारे जीव असलेलं ते पाणी, जैन माणूस टाकून देत नाही. त्याला ते जिवाणी म्हणतात. ज्या विहिरीचं पाणी, तिच्यातच ती जिवाणी परत सोडायची, तीही वरून ओतायची नाही, भांडं दोरानं खाली नेऊन पाण्याला टेकवून अलगद कलंडायचं. आम्ही चांगले दीड-दोन मैल पुढं आलो होतो, ऊन डोक्यावर, आणि अक्कांच्या लक्षात आलं की जिवाणीची वाटी पिशवीत तशीच आहे. त्या उलट्या वळल्या. समोर पंचवीस पावलांवर दुसरी भरली विहीर होती. मी वैतागून म्हणालो, "अक्का, ह्या विहिरीत सोडा की! पाणी ते पाणीच."

"ही त्यांची हीर नव्हं," त्या म्हणाल्या.

"त्यांना काय कळतंय?"

"मला कळतंय की."

आणि त्या गेल्या. मी लिंबाच्या सावलीत चडफडत बसलो, आणि माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा त्या दुरून येत होत्या. उन्हाच्या झळांमध्ये त्यांचे पाय दिसत नव्हते, नुसतं फिकट पातळ जमिनीवरून तरंगत येताना दिसत होतं. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. पुढच्या गावापर्यंत पिशवी मीच उचलली.

उन्हाळ्याची मोजणी पावसाळ्यात कार्डांवर चढली. पंचिंग मशीनचा खट्‌खट् आवाज आणि कौलांवर पावसाचा आवाज, दोन्ही दिवसभर. एका विहिरीचं एक कार्ड. जिथं भोक तिथं आकडा. उजेडासमोर धरलं की त्यातून लहान लहान चौकोनी आभाळं दिसत. आषाढात एका रात्रीत कौल सरकलं आणि टिपणांच्या कागदांच्या कपाटात पाणी शिरलं. सकाळी बघतो तर शाई धुऊन गेलेली, सगळे कागद एकसारखे फिकट निळे. पाण्याचेच आकडे, पाण्यात विरघळले. साहेबांनी डोक्याला हात लावला, मग सावरून म्हणाले, "जाऊ द्या, कार्डांवर चढलंय ना सगळं?" चढलं होतं. पण आता त्या कोरड्या वैशाखाची आठवण जगात फक्त त्या कार्डांत उरली होती. विहिरी तोवर पावसानं भरल्या होत्या, त्यांना पुन्हा विचारायची सोय नव्हती.

मग खंडेनवमी आली. कोल्हापूरचा दसरा म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. आदल्या दिवशी न्हाव्याचा वस्तरा, सुताराचा रंधा, एस.टी.चं स्टिअरिंग, प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लागतं. आमच्या ऑफिसात शिपाई म्हणा, कारकून म्हणा, सगळं काही असलेले बापू होते. मशीनवर त्यांची फार श्रद्धा. त्यांनी पहाटे खोली सारवल्यासारखी पुसली, मशीनला झेंडूची माळ घातली, मुंबईला जायच्या कार्डांचे गठ्ठे पाटावर ओळीनं मांडले आणि एकेका गठ्ठ्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली. वर अक्षता. वर फुलानं पाणी शिंपडलं. नारळ फोडला तोही पाटाशेजारी, आणि साहेबांच्या हस्ते. आम्ही सगळे हात जोडून उभे. पद्माक्काही. त्यांनी स्वतः एक शेवंतीचं फूल मधल्या गठ्ठ्यावर ठेवलेलं मला स्पष्ट आठवतं. खोलीत उदबत्तीचा धूर होता, प्रसन्न वाटत होतं, आणि शिकल्यासवरल्या आम्हा माणसांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही!

दसऱ्यानंतर गठ्ठे मुंबईला गेले. पंधरवड्यात परत आले, सोबत तिथल्या माणसाचा ट्रंक कॉल. मुंबईचा संगणक आमची कार्डं खाता खाता अडकला होता. काही कार्डं ओल लागून फुगली होती, काही एकमेकांना चिकटली होती, आणि कार्ड वाचणाऱ्या यंत्राच्या पोटातून, तो माणूस ओरडून सांगत होता, तांदूळ निघाले होते तांदूळ! साहेब फोनवर "होय, होय" म्हणत घामाघूम. बापू दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "मी देवाचं म्हणून केलं ओ," ते म्हणाले, "आता समदं ग्येलं का?"

सगळ्यांचे डोळे पद्माक्कांकडे लागले. त्या उठून भिंतीवरच्या कागदापाशी गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता तोफ सुटणार. त्या म्हणाल्या, "वाळवी लिहिली. उंदीर लिहिले. आग लिहिली. देव लिहायचा राहिलाच की हो बापू." आणि चक्क हसल्या. मग चप्पल पायात घालत मला म्हणाल्या, "चल."

आम्ही मंगळवार पेठेत गेलो. आण्णांच्या कापडाच्या दुकानाला वर माळा होता. दोन प्रती काढायच्या आणि त्या एका छपराखाली ठेवायच्या नाहीत हे त्यांच्या आराखड्यातलं कलम. साहेबांनी ते अनावश्यक म्हणून हसून खोडलं होतं, आणि अक्कांनी खोडलेलं मान्य केल्याचं मला कधी ऐकू आलं नव्हतं. त्या शिडीनं वर चढल्या. मांजरपाटाच्या ठाणांमागून पत्र्याचे डबे निघाले. आत कडुनिंबाचा वाळला पाला, ओल शोषून घ्यायला चुनखडीच्या पुरचुंड्या, आणि मधोमध कार्डं. कोरडी, कडक, बोटानं फर्रर्र वाजवली तर नव्या नोटांसारखी. माळ्याच्या झरोक्यातून ऊन येत होतं. अक्कांनी एक कार्ड उजेडात धरलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर बारीक बारीक उजेडाचे ठिपके पडले. "मुक्याची हीर," त्या म्हणाल्या. भोकांवरून त्यांनी ती ओळखली. त्यावेळी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला मी प्रेम म्हणतो, आणि आता या वयात ते सांगायला लाजत नाही.

पुढच्या खंडेनवमीला बापू भीत भीत विचारायला आले, मशीनची तरी पूजा करू का? अक्का म्हणाल्या, करायचीच, आणि त्यांनी एक कोरं कार्ड काढून दिलं. हे देवाचं, ह्याला काय लावायचं ते लावा. त्या कार्डाला बापूंनी इतकं हळदकुंकू लावलं की ते ताठ उभं राहीना. आराखड्याच्या तळाशीही निळ्या शाईत एक ओळ वाढली, 'पूजेसाठी एक वेगळे.'

त्यांची खरी लढाई मात्र शेवटी झाली. अहवाल गेला, त्याची वाहवा झाली, आणि प्रकल्प गुंडाळायचा आदेश आला. खोल्या सोडायच्या, सामान जमा करायचं, कार्डं रद्दीत. आता आराखड्याचं शेवटचं कलम उरलं होतं. माहिती ज्या विहिरीची, त्या विहिरीच्या गावाला परत. साहेबांना वाटलं होतं, ते शोभेसाठी लिहिलंय. "अहो बाई, अहवाल छापलाय की इंग्रजीत. मुंबई-दिल्लीला प्रती गेल्यात."

"नेसरीकडच्या बाईनं दोर धरला होता साहेब. तिला दिल्लीस्नं काय मिळणार?"

"त्या लोकांना काय करायचंय आकड्यांचं? आणि माहिती प्रकल्पाची आहे."

"पाणी त्यांचं, दोर धरणारे हात त्यांचे, उन्हातनं वाट दाखवली ती त्यांनी. आपली नुसती भोकं." असं म्हणून त्यांनी पदर खोचला, आणि त्या पदर खोचत तेव्हा साहेबही खुर्चीत सावरून बसत. उरलेल्या दिवसांत आम्ही चौघांनी, हो, साहेबांनीसुद्धा, गावागावाची विहीरवार माहिती मराठीत मोठ्या अक्षरांत जाड पुठ्ठ्यांवर लिहायला घेतली. ती घेऊन गावांत जायचं, शाळेत टांगायची, पण त्याआधी देवळासमोर सगळ्यांना वाचून दाखवायची. अक्का वाचायच्या. थोरली, वैशाखात इतके हात. सवतीची, वैशाखात इतके हात. माणसं ऐकत बसायची, कीर्तनाला बसतात तशी. आपल्या विहिरीचं नाव आलं की एखादी म्हातारी मान डोलवायची. तीन पाटलांपैकी दोघं एकाच कट्ट्यावर बसून ऐकत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिन्ही विहिरींचे आकडे सारखेच आले; त्यांचं पाणी खालून एकच होतं, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं असावं. तरी ते एकमेकांशी बोलले नाहीतच.

पण गावं सगळी झाली नाहीत. निम्मीही झाली नाहीत. खोल्यांची मुदत संपली, मशीन गाडीत चढलं, साहेबांची बदली झाली. भिंतीवरचा कागद काढताना तो घडीवर फाटला. "उरलेली?" मी विचारलं. "बघू," अक्का म्हणाल्या. त्यांच्या तोंडी 'बघू' मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला वाटलं, थकल्या. मला दूर परराज्यात खाणीवर नोकरी लागली होती. स्टँडवर निरोप द्यायला आल्या तेव्हा त्यांनी मला विहिरींबद्दल काहीच विचारलं नाही, मीही नाही. चुटपुट मात्र लागून राहिली. अंथरूण आधी घालणाऱ्या या बाईचा पाहुणा शेवटी दारातच राहिला, असं मला कितीतरी वर्षं वाटत असे. खाणीतल्या त्या रखरखीत मुलखात कधी कधी ते निळ्या रेघांचं स्वप्न पडायचं, आणि त्यात होड्या शेवटच्या वळणावर अडकलेल्या असायच्या.

दोन वर्षांपूर्वी मी कायमचा परत आलो, तेव्हा भेटलो. त्या बारीक झाल्या होत्या, घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होतं. टेबलावर मावणाऱ्या संगणकाबद्दल मी सांगितलं, त्यात जिल्ह्यातल्या साऱ्या विहिरी एका चकतीत बसतील म्हणालो. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "दुसरी चकती कुठं ठेवशील?" एवढंच विचारलं. मग चुलीवरचं भडंग पुढं केलं आणि आण्णांच्या नातवाच्या बारशाचं सांगत बसल्या. मी जुन्या विषयावर आलो नाही. दुखऱ्या जागी कशाला बोट लावा, असा माझा समज.

त्या गेल्यावर आण्णांना भेटायला गेलो. ते गादीवर बसले होते, समोर ठाण उलगडलेलं, आणि गिऱ्हाईक नव्हतं. "आता रविवारी घर खायला उठतंय बघा," ते म्हणाले. मी म्हटलं, रविवारीच का? "अहो, रविवारी ती नसायचीच की. पहाटंची एस.टी. धरायची. नेसरीकडं, कुठं कुठं. सूर्य मावळायच्या आत जेवायला परत. धा-बारा वर्सं चाललं हुतं. तुमास्नी म्हाईत न्हवतं?"

मला माहीत नव्हतं. मी तिथंच गादीवर बसलो आणि रडलो. आण्णांनी ठाणाचं टोक माझ्या हातात दिलं, डोळे पुसायला.

गेल्या आठवड्यात मी तिकडं गेलो. वैशाख उतरणीला लागलेला, पूर्वीसारखंच ऊन, झळांमध्ये झाडं पाण्यात उभी असल्यासारखी. नेसरीच्या अलीकडं उतरून आत चालत गेलो, पुठ्ठे घेऊन आम्ही जिथं पोहोचलो नव्हतो अशा एका गावाला. शाळेत पुठ्ठा होता. अक्कांचं अक्षर. गावातल्या साऱ्या विहिरी त्यावर होत्या, आणि खाली दर सालाच्या वैशाखाच्या ओळी वाढत आल्या होत्या, ओळीगणिक अक्षर जरा थरथरतं होत गेलेलं. पलीकडं विहिरीच्या काठावर एक म्हातारी गाठींचा दोर उलगडत बसली होती. हौसाबाई तिचं नाव, हे मग कळलं.

"कुठनं आलासा पावणं?"

"कोल्हापूरहून. पद्माक्कांच्या घरचा समजा."

"मग अक्का कुठं हाईत? ह्या म्हयन्यात येत्यात त्या. म्या दोर काढून ठेवलाय की."

मी सांगितलं. तिनं दोर मांडीवर ठेवला आणि विहिरीत बघत राहिली. पारवे आत घुमत होते. मग ती उठली, काठाशी गेली, दोर हळूहळू आत सोडला, आणि खालून तो हुंकार आला. तिनं काठाशी बोट धरून गाठी मोजल्या.

"अकरा हात," ती म्हणाली.

मी खिशातून कागद काढला आणि लिहू लागलो. ती तशीच उभी, दोर धरून, माझ्याकडे बघत. दोर काही वर ओढेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"अवं, परत म्हना की."

"काय?"

"अक्का परत म्हनायच्या. म्या सांगायचं, त्यांनी म्हनायचं, म्या व्हय म्हटलं म्हंजी मग लिवायच्या. तवर न्हाय लिवायच्या त्या."

ऑफिसात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. हे त्यांनी इथं, या बायांबरोबर, माझ्यामागं सुरू केलं होतं. मी लिहिलेलं खोडलं, काठाशी गेलो आणि का कुणास ठाऊक, विहिरीत वाकून म्हणालो, "अकरा हात." आवाज खाली गेला आणि खालून, गार होऊन, परत आला.

"व्हय," हौसाबाई म्हणाली, आणि मग मी लिहिलं.